परदेशी सिनेमावाल्यांना सरकारने पैसे का द्यायचे?

मिरामारकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून काढतो.

मी वेलिंग्टनला राहतो, मिरामार भागात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या पीटर जॅक्सनचा सगळा पसारा इथेच आहे, वेटा वर्कशॉप (सिनेमातली शस्त्रं, चिलखतं, राक्षस बनवतात ते), स्टुडिओ, पोस्ट-प्रॉडक्शन, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मोठा सिनेमा चालू असला की दुपारी बेकरीसमोर रांग लागते, पोरापोरींच्या नखांत रंग, केसांत फोमचा भुगा. तेव्हा घरी कपाट दुरुस्त करायला सुतार मिळत नाही, कारण सगळे सुतार सेटवर. सिनेमा संपला आणि पुढचा आला नाही की त्याच रांगेतली दोनचार पोरं काउंटरच्या पलीकडे उभी राहून कॉफी करताना दिसतात.

आता हे सिनेमे इथे डोंगर सुंदर आहेत म्हणून येतात असं बऱ्याच जणांना वाटतं. डोंगर आहेतच, पण पैसेही आहेत. २००४ पासून न्यूझीलंड सरकार परदेशी सिनेमांना इथे केलेल्या खर्चातला ठरावीक हिस्सा रोख परत देतं. सुरुवातीला साडेबारा टक्के होता, २००७ मध्ये १५ झाला. मग डिसेंबर २०१३ मध्ये जेम्स कॅमेरॉनशी करार झाला, की 'अवतार'चे पुढचे तीन भाग इथे करायचे आणि किमान ५० कोटी डॉलर इथे खर्च करायचे (हे इथले डॉलर बरं का). त्याच वेळी दर २० टक्के झाला, आणि देशाचा जास्तीचा फायदा होत असेल तर वर ५. २०२५ च्या बजेटमध्ये तर सिनेमा-टीव्हीच्या या योजनेसाठी आणखी ५७ कोटी ७० लाख डॉलर ठेवले. पन्नासेक लाख वस्तीच्या देशाच्या मानाने ही रक्कम लहान नाही.

भारतानेही हे सुरू केलंय. २०२२ मध्ये ३० टक्के जाहीर केले, नोव्हेंबर २०२३ मध्ये ते ४० टक्क्यांवर नेले, कमाल मर्यादा ३० कोटी रुपये, आणि भारतीय आशय भरपूर असेल तर वर ५ टक्के. म्हणून हा धागा. करदात्यांच्या पैशातून हॉलिवूडला बोलवावं का? आणि बोलावलं तर ते खरंच येतात का, आल्यावर टिकतात का?

माझं मत विचाराल तर द्यावेत, पण आपल्या माणसांच्या हातात काही राहील अशा अटी घालून. तुमचं काय?

खमंग_ढोकळा

पहिला! माझ्या लग्नाचा व्हिडिओ क्वीन्सटाउनला काढला तर २० टक्के मिळतील का, सासरे विचारतायत.

मिरामारकर

@खमंग_ढोकळा, सिनेमासाठी इतकी वर्षं किमान खर्चाची अट दीड कोटी डॉलर होती. सासऱ्यांची तयारी असेल तर मी स्वतः अर्ज भरून देतो :)

तुळशीवृंदावन

छान विषय. मला एक कळलं नाही, रोख पैसे कशाला द्यायचे? आपल्याकडे कारखान्यांना देतात तशी करमाफी द्या की. सरकारच्या खिशातून तरी काही जाणार नाही.

हिशोबनीस

@तुळशीवृंदावन, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, आणि माझ्या रोजच्या कामातला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो (लंडनमध्ये अकाउंटंट आहे, अशा फायली हाताखालून जातात).

मोठा स्टुडिओ दुसऱ्या देशात जातो तेव्हा तिथे फक्त त्या सिनेमापुरती कंपनी काढतो. सिनेमाचे हक्क आणि गल्ला शेवटी घरच्या कंपनीकडे जाणार, त्यामुळे या कंपनीला म्हणावा असा नफा होत नाही, म्हणजे कर लागायला काही उरतच नाही. तिला करमाफी देऊन तिचं काय होणार? म्हणून खर्चाच्या टक्केवारीने पैसे देतात. ब्रिटनमध्ये याचं नाव टॅक्स क्रेडिट आहे पण कर बसत नसेल तर ती रक्कम सरळ कंपनीच्या खात्यात जमा होते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात त्याहून वेगळी तऱ्हा, २० टक्के क्रेडिट, सिनेमात राज्याचा लोगो दाखवला की आणखी १०, आणि ते क्रेडिट चक्क विकता येतं! सिनेमावाला थोडं स्वस्तात विकतो, तिथली एखादी नफ्यातली कंपनी विकत घेते आणि त्यातून स्वतःचा कर भरते.

ब्रिटनचे आकडे सांगतो. आधी २५ टक्के होते, जानेवारी २०२४ पासून नवी पद्धत, ३४ टक्के, पण त्यावर कर कापून हातात साडेपंचवीस पडतात, तेही मूळ खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंतच. याशिवाय सिनेमा 'ब्रिटिश' ठरावा लागतो, त्यासाठी ३५ गुणांची परीक्षा असते, १८ मिळाले की पास. गोष्ट कुठे घडते, पात्रं कोण, भाषा कुठली, तंत्रज्ञ कुठले याचे गुण. नाहीतर दोन देशांतल्या सहनिर्मितीच्या करारातून यायचं. आणि मूळ खर्चाच्या किमान १० टक्के इथे व्हायला हवा, बस्स. गेल्या काही वर्षांत लंडनमध्ये शूट झालेले मराठी-हिंदी सिनेमे आठवून बघा, नायक-नायिका सारख्या थेम्सच्या काठावर का फिरतात ते कळेल.

आणखी एक, पैसे आधी मिळत नाहीत. शूटिंग, मग हिशोब, मग तपासणी, मग पैसे. मधल्या काळासाठी निर्माता त्या येणाऱ्या रकमेवर कर्ज उचलतो, म्हणजे २५ मधले थोडे व्याजातही जातात. म्हणूनच स्टुडिओवाले टक्केवारीइतकंच 'पैसे वेळेवर मिळतात का' हेही विचारतात. ४० टक्के कागदावर असतील पण कधी हातात पडतील याचा भरवसा नसेल, तर भरवशाचे २५ बरे वाटतात.

तुळशीवृंदावन

धन्यवाद काका, आता डोक्यात प्रकाश पडला.

सडेतोड

मिरामारकर, मी पूर्ण विरोधात.

हा लिलाव आहे हो. हंगेरीने २००४ मध्ये २० टक्क्यांपासून सुरुवात केली, आता ३० आहेत. आइसलँड २०२२ मध्ये २५ वरून ३५ वर गेला, मोठ्या प्रॉडक्शनसाठी. ऑस्ट्रेलिया साडेसोळावरून ३०. आता कॅलिफोर्निया बघा, हॉलिवूडचं माहेर, तिथल्या सरकारला २०२५ मध्ये वर्षाची तरतूद ३३ कोटी डॉलरवरून ७५ कोटींवर न्यावी लागली, का तर घरचे सिनेमे घरात राहावेत म्हणून! प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा जास्त द्यायचं आणि शेवटी सगळ्यांनीच जास्त दिलं की सिनेमे तेवढेच, फक्त स्टुडिओचा खर्च जगभरच्या करदात्यांनी भरला.

मिशिगनची गोष्ट तर सगळ्यांनी वाचावी अशी आहे. मोटारींचे कारखाने बंद पडत होते, लोकांना काम हवं होतं, म्हणून २००८ मध्ये राज्याने ४२ टक्क्यांपर्यंत सवलत दिली. सिनेमे आले, पोरांनी कोर्सेस केले, लोकांनी स्टुडिओत पैसे घातले. २०११ मध्ये नव्या गव्हर्नरने मर्यादा घातली आणि २०१५ मध्ये योजनाच बंद. सिनेमे दुसऱ्या राज्यात. कोर्स केलेली पोरं कुठे गेली असतील?

आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही आणि आपण हॉलिवूडला ३० कोटी देणार. पटत नाही. पटणारही नाही.

कोल्हापुरी_मिसळ

+१ सडेतोड. आणि हेही बघा. आपल्या मराठी सिनेमाला राज्याचं अनुदान किती, तर अ दर्जा मिळाला तर ४० लाख, ब दर्जाला ३०. त्यासाठी आमचा निर्माता परीक्षणाची वाट बघत चपला झिजवतो. बाहेरच्याला ३० कोटींपर्यंत. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं!

हिशोबनीस

@कोल्हापुरी_मिसळ, कळकळ समजते, पण दोन्ही तिजोऱ्या वेगळ्या आहेत. अनुदान राज्याचं, ती ४० टक्क्यांची योजना केंद्राची. शिवाय ४० टक्के मिळवायला बाकीचे ६० तरी त्याने बाहेरून आणून इथे खर्च करायला हवेत, अनुदानाचा हिशोब तसा नाही. मराठी सिनेमाचं अनुदान वाढायला हवं याला माझं अनुमोदनच आहे, मात्र एक बंद केलं म्हणून दुसरं वाढेल असं नाही.

कोल्हापुरी_मिसळ

तिजोरी कुठलीही असो, भरतो आपणच ना.

मिरामारकर

सडेतोड, तुमच्या लिलावाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, उलट इथलाच पुरावा देतो. अ‍ॅमेझॉनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरची मालिका. पहिला सीझन ऑकलंडला झाला, इथे खर्च ६५ कोटी डॉलरच्या घरात. सरकारने २० टक्के आणि वरचे ५ असा करार केला, हेतू हा की मालिका वर्षानुवर्षं इथे राहील, पर्यटन वाढेल, इथल्या पोरांना कामं मिळतील. ऑगस्ट २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनने जाहीर केलं की दुसरा सीझन ब्रिटनला. झालं! वरचे ५ टक्के सरकारने दिले नाहीत, पण २० तर द्यावेच लागले, नियमच तसा.

त्या बातमीनंतर इथली अवस्था विचारू नका. आमच्या शेजारच्या घरात एक जोडपं, दोघंही याच धंद्यातले, तो सेटला रंग देणारा, ती कपड्यांना जुनेपणा आणायचं काम करते, म्हणजे नवाकोरा अंगरखा घ्यायचा आणि खवणीने, चहाच्या पाण्याने, चिखलाने तो वीस वर्षं वापरल्यासारखा करायचा. दोघांनी त्या मालिकेच्या भरवशावर ऑकलंडला जायचं ठरवलं होतं.

तरीही मी सवलतीच्या बाजूने का, तर ती बाई आजही काम करतेय. त्या मालिकेत नाही, दुसऱ्या सिनेमात. वीसपंचवीस वर्षं सिनेमे येत राहिले म्हणून इथे असं काम येणारी माणसं तयार झाली. कॅमेरॉन काही फक्त २५ टक्क्यांसाठी इथे राहिलेला नाही.

रोटोवाली

या धाग्यावर लिहायचं नव्हतं पण राहवत नाही. मी मुंबईत व्हीएफएक्समध्ये आहे, मालाडला. शूटिंगला येणाऱ्यांची चर्चा चाललीय, पण कॉम्प्युटरवरचं काम तर त्याहून सोपं उचलून नेतात, त्याला ना सेट लागतो ना डोंगर. स्टुडिओ सांगतो, काम त्या गावात करा जिथे क्रेडिट मिळतं. म्हणून लॉस एंजेलिसचं काम व्हँकुव्हरला गेलं, मग माँट्रियाल, लंडन. कंपन्या सवलतीच्या मागे ऑफिसं उघडत जातात आणि माणसं बॅगा भरून त्यांच्या मागे.

२०१३ आठवतंय का? 'लाइफ ऑफ पाय'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं त्याच महिन्यात ते काम करणारी ऱ्हिदम अँड ह्यूज दिवाळखोरीत गेली होती. तिची मुंबईत आणि हैदराबादला पण ऑफिसं होती. ऑस्करच्या दारात व्हीएफएक्सवाल्यांनी निदर्शनं केली, त्यात एक मागणी या सवलतींच्या विरोधात होती. आणि गोष्ट कुठली, पाँडिचेरीची. समुद्र कुठला, तर तैवानमध्ये ताइचुंगला जुन्या विमानतळावर बांधलेल्या टाकीतला, तिथल्या सरकारने मदत केली म्हणून.

आमच्याकडे काय येतं, तर रोटो, पेंट, मॅचमूव्ह. म्हणजे फ्रेम-फ्रेम करून नटाच्या केसांच्या कडा कापायच्या. दिवसभर केसच. गेल्या वर्षी एका परदेशी कंपनीच्या इथल्या ऑफिसात होते, तिकडे मालक अडचणीत आला आणि इकडे आम्हाला सकाळी मेल, दुपारपर्यंत लॅपटॉप जमा करा. शेवटचा पगार अजून अडकलाय.

केंद्राच्या योजनेत अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, पोस्ट-प्रॉडक्शन पण धरलंय, ही चांगली गोष्ट आहे, मनापासून सांगते. फक्त वरच्या दर्जाचं काम, सुपरव्हिजन, कॉम्प (सगळे थर एकत्र जोडून शेवटची फ्रेम बनवणं) इथे करायची अट पाहिजे. नाहीतर आम्ही आपले केस कापतोय.

तुळशीवृंदावन

रोटोवाली, वाचून वाईट वाटलं गं. पगाराचं लवकर सुटो.

खमंग_ढोकळा

रोटोवालीताई, तुमच्या हातून ज्यांचे केस कापले गेले त्यात थॉर असेल तर तुम्हाला साष्टांग दंडवत. त्या माणसाचे केस म्हणजे शिक्षाच असणार.

रोटोवाली

@खमंग_ढोकळा, करारात लिहिलंय, सांगता येत नाही. पण वाऱ्यावर उडणारे लांब केस बघितले की थिएटरात माझा जीव खालीवर होतो हे मात्र खरं.

वाईची_सून

आमच्याकडचं सांगू का, परदेशी नाही पण मुद्दा तोच.

वाई-मेणवलीला किती सिनेमे झाले याची गणतीच नाही. 'गंगाजल' बिहारची गोष्ट, शूटिंग वाई-साताऱ्यात. 'दबंग' उत्तर प्रदेशातली, तोही इथेच. आमच्या सासरच्या वाड्याचं अंगण भाड्याने दिलं होतं एका सिनेमाला, भिंतीवर हिंदीत पोलीस ठाण्याची पाटी रंगवली, ती नंतर चुन्याचे दोन हात देऊनही पावसाळ्यात पुन्हा उमटायची, पोस्टमन हसायचा. शूटिंग असलं की घाटावरच्या बैलगाडीवाल्याला, जेवणाच्या डब्यांना, लॉजला, गर्दीत उभं राहायला जाणाऱ्या पोरांना, सगळ्यांना चार पैसे मिळायचे. सासूबाईंनी स्वतः युनिटला पुरणपोळ्या विकल्यात.

मग उत्तर प्रदेश सरकारने सबसिडी सुरू केली आणि उत्तरेतल्या गोष्टी उत्तरेत, लखनौला शूट व्हायला लागल्या. त्यांचं बरोबरच आहे म्हणा, त्यांच्या गावची गोष्ट त्यांच्या गावात. पण एका सरकारच्या निर्णयाने दुसऱ्या गावातल्या बैलगाडीवाल्याचं काम जातं हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मालिकांची शूटिंगं आहेत अजून, त्यावर चाललंय.

अ‍ॅडलेडवासी

वाईची_सून, तुमच्यावरून आठवलं. 'हॉटेल मुंबई' आठवतो का, २६/११ वरचा? तो सिनेमा बराचसा आमच्या अ‍ॅडलेडमध्ये झालाय! ताजच्या आतले कॉरिडॉर, खोल्या, इथल्या स्टुडिओत सेट लावून. थोडं शूटिंग मुंबईत. 'शांताराम' मालिका घ्या, कुलाबा आणि झोपडपट्टी म्हणजे गोष्टीचा जीव, ती झाली मेलबर्न, भोपाळ आणि मग थायलंडमध्ये. देव पटेलचा 'मंकी मॅन', आपल्याकडच्या शहरासारखं शहर, शूट इंडोनेशियातल्या बाटमला.

मला जीव तोडून सांगायचंय ते हे. आपण सवलत न दिल्याने पैसा वाचतो असं सडेतोड म्हणतात, पण आपली गोष्ट, आपलं शहर, आपल्या माणसांचं दुःख दुसऱ्याच्या गावात सेट लावून सांगितलं जातं. इथे सेटवर भारतीय दिसणारे एक्स्ट्रा हवेत म्हणून आमच्या महाराष्ट्र मंडळापर्यंत निरोप फिरत असतात.

सडेतोड

@अ‍ॅडलेडवासी, 'मंकी मॅन' सवलतीसाठी नाही, कोविडमुळे भारतात करता आला नाही म्हणून तिकडे गेला. शांतारामलाही कोविडचा फटका होता. सगळं सवलतीच्या खात्यावर लिहू नका.

अ‍ॅडलेडवासी

कोविड होताच. पण संकटात जे देश 'या, आम्ही बघतो' म्हणाले तिकडे काम गेलं. म्हणजे टक्के सोडून बाकीची व्यवस्थाही लागते, हे तर तुम्हीही मान्य कराल.

गोंयचो_पाव

आता मी बोलतो, कारण ही व्यवस्था म्हणजे माझं पोट. गोव्यात लाइन प्रॉडक्शन करतो, म्हणजे बाहेरून आलेल्या युनिटची इथली सगळी व्यवस्था बघतो. 'बॉर्न सुप्रिमसी'ची सुरुवात गोव्यात झालीय, तेव्हा कसली सवलत? गोवा हवा होता म्हणून आले. तसे येणारे आजही येतात, पण आता पहिल्या फोनवरच विचारतात, परत किती मिळणार.

केंद्राने २०१५ मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस काढलं, सिनेमासाठी वेगळा व्हिसा आला, हे सगळं चांगलं झालं, आधी परदेशी युनिटची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरायची. तरी दिल्लीची परवानगी हातात असली म्हणून किनाऱ्यावर क्रेन उभी करता येत नाही. पंचायत वेगळी, पोलीस वेगळे, ट्रॅफिक वेगळं, किनारा आहे म्हणून सीआरझेडचे (किनारपट्टीचे) नियम, चर्च किंवा किल्ला असला तर पुरातत्त्व, ड्रोन उडवायचा तर आणखी वेगळं. एकदा सगळे कागद घेऊन पहाटे साडेचारला युनिट उभं, आणि एका खात्याचा माणूस म्हणतो आमचा शिक्का राहिला. उजेड गेला की गेला. ती सकाळ परत आणायला टक्केवारीचा काही उपयोग नाही.

आणि आता जे सांगतोय ते कुठल्या पेपरात येत नाही. परतावा मिळतो तो ऑडिटला चालणाऱ्या खर्चावर. म्हणजे पक्कं बिल पाहिजे, बँकेतून पैसे गेले पाहिजेत. आमचा होडीवाला, नारळ काढणारा, जेवण करणारी बाई, जुनी स्कूटर भाड्याने देणारा, यांच्याकडे कुठलं जीएसटी बिल? परदेशी अकाउंटंट म्हणतो, बिल नाही तर नको तो माणूस. मग होड्या, जेवण, गाड्या, सगळं मुंबईच्या मोठ्या व्हेंडरकडून येतं, बिलासकट. सिनेमा गोव्यात, पैसा अंधेरीत. ज्या गावासाठी म्हणून सवलत काढली त्या गावाच्या हाती गर्दी आणि जनरेटरचा आवाज.

मी काय करतो, तर दोन-तीन गावांतल्या होडीवाल्यांना एकत्र करून एका सोसायटीच्या नावाने बिल करतो. खटपट खूप आहे. पण पैसा गावात राहतो.

हिशोबनीस

गोंयचो_पाव, टोपी काढली. तुमचा प्रतिसाद धोरण बनवणाऱ्यांनी भिंतीवर लावावा.

वाईची_सून

अगदी अगदी! पुरणपोळ्यांचं बिल कोण देणार?

कास्कावेलकर

नमस्कार, मी मॉरिशसचा मराठी. वाचत असतो, कमी लिहितो, भाषेत चुका असतील तर समजून घ्या. आमच्या देशात सवलत ३० टक्के आहे, मोठ्या कामाला ४० पर्यंत, २०१३ पासून. हिंदी, तेलुगू, तमिळ सिनेमे पुष्कळ आले. हॉटेल आणि गाड्यांना चांगला धंदा. पण आमच्या मुलांना मोठं काम मिळत नाही, कॅमेरामन बरोबर येतो, मेकअपवाला बरोबर येतो, आमची मुलं वायर उचलतात. माझा भाचा तसाच लागला. आता मात्र तो लाइट स्वतः लावतो, कारण एका मराठी गॅफरने (सेटवरच्या लाइटवाल्यांचा प्रमुख) त्याला शिकवलं, दोघं मराठीत बोलायचे. सवलतीत 'शिकवा' अशी अट असती तर प्रत्येक मुलाला असा गॅफर मिळाला असता.

मिरामारकर

कास्कावेलकर, तुमचं मराठी उत्तम आहे, लिहीत जा. आणि मी अटी म्हणतो त्या याच.

मोर्चेकरी

उशिरा आलो. एवढा धागा झाला आणि २०१० चं कुणी काढलं नाही? मिरामारकर, तुमच्याच गावातलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 'हॉबिट'च्या वेळी नटांच्या संघटनेने सामूहिक करार मागितला आणि बहिष्काराची हाक दिली. स्टुडिओने सिनेमा दुसऱ्या देशात नेण्याची भाषा केली. वॉर्नर ब्रदर्सचे साहेब वेलिंग्टनला आले, पंतप्रधान जॉन की स्वतः वाटाघाटीला बसले, आणि काय निघालं? प्रत्येक सिनेमामागे ७५ लाख अमेरिकन डॉलरपर्यंत आणखी सवलत आणि वर कामगार कायद्यातच बदल, तातडीने, २९ ऑक्टोबर २०१० ला. त्याआधी २००५ मध्ये 'रिंग्ज'वर काम केलेला एक मॉडेलमेकर सुप्रीम कोर्टात जिंकला होता की मी कंत्राटदार नाही, नोकरदार आहे. नव्या कायद्याने सिनेमात काम करणारा कंत्राटदारच धरायचा, लेखी नोकरीचा करार असेल तरच नोकरदार. एका सिनेमासाठी देशाचा कायदा!

सवलत देताना आपण काय गहाण टाकतो ते बघा. एकदा हजारो कुटुंबं त्यावर जगायला लागली की पुढच्या वेळी स्टुडिओ नुसता 'जातो' म्हणाला तरी सरकार वाकतं.

मिरामारकर

मोर्चेकरी, बरोबर आहे, आणि त्या आठवड्यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे रस्त्यावर मोर्चे निघाले ते सिनेमा इथेच ठेवा म्हणून. लोक संघटनेवरच चिडले होते. भीती काय असते ते तेव्हा कळलं. २०२२ मध्ये नवा कायदा झाला, कंत्राटदार असले तरी त्यांना आता एकत्र येऊन मोबदला-अटी ठरवता येतात. बारा वर्षं गेली मध्ये.

खमंग_ढोकळा

आणि तिकडे ट्रम्पतात्या म्हणतायत बाहेर बनलेल्या सिनेमावर १०० टक्के टॅरिफ. म्हणजे इकडून ४० परत घ्यायचे आणि तिकडे १०० भरायचे? हिशोबनीसकाका, बेरीज करून सांगा.

हिशोबनीस

मे २०२५ पासून घोषणा चाललीय. पण सिनेमा काही कंटेनरमधून बंदरावर उतरत नाही, त्यावर टॅरिफ लावायचं कसं हाच प्रश्न आहे. एवढं मात्र खरं, की या सवलतींनी हॉलिवूडमधल्या सुतार-इलेक्ट्रिशियनची कामं गेली आणि त्यांचा राग खरा आहे.

तुळशीवृंदावन

पर्यटनाचं काय? स्वित्झर्लंडला यश चोप्रा गेले तेव्हा कुठे सवलत होती, तरी आपली माणसं अजून तिकडे बर्फात साडी नेसून फोटो काढतात. 'कहो ना प्यार है' न्यूझीलंडला झाला तेव्हाही नव्हती ना?

मिरामारकर

२००० सालचा सिनेमा, तेव्हा ही योजना नव्हतीच. पर्यटनाचं माटामाटाचं उदाहरण आहे. तिथल्या एका मेंढ्यांच्या फार्मवर 'रिंग्ज'साठी हॉबिटांचं गाव उभं केलं होतं, पॉलिस्टायरिन-प्लायवुडचं, सिनेमा झाल्यावर बरंचसं काढून टाकलं. 'हॉबिट'च्या वेळी पुन्हा बांधताना पक्क्या सामानाने बांधलं, आणि आज देशातल्या मोठ्या आकर्षणांत ते आहे. भारतातून कोणी आलं की पहिली मागणी तीच. पण असं गाव एकदाच जमतं. बुडापेस्ट घ्या, तिथे इतके सिनेमे होतात, पडद्यावर मात्र ते कधी पॅरिस असतं कधी मॉस्को, बघणाऱ्याला बुडापेस्ट दिसतच नाही. त्यांना फायदा आहे तो स्टुडिओंचा आणि तयार माणसांचा.

सडेतोड

सगळं वाचलं. हॉलिवूडला पैसे द्यायला माझा विरोध कायम. पण गोंयचो_पाव आणि कास्कावेलकर यांचं वाचून एवढं म्हणतो, द्यायचेच असतील तर खर्चावर सरसकट टक्के देऊ नका. इथल्या माणसाच्या पगारावर द्या, कॅनडाची केंद्रीय सवलत १९९७ पासून तशीच आहे, तिथल्या माणसांच्या मजुरीवर, आता १६ टक्के. स्टारच्या व्हॅनिटीवर आणि पंचतारांकित हॉटेलवर एक पैसा नको.

मिरामारकर

याला मात्र माझं शंभर टक्के अनुमोदन. शिवाय प्रत्येक खात्याच्या प्रमुखाबरोबर एक स्थानिक शिकाऊ हवा, आणि लहान गावातल्या बिलांसाठी गोंयचो_पाव करतात तशी सोसायटीची सोय सरकारनेच करावी.

गोंयचो_पाव

आणि परतावा किती महिन्यांत देणार ते कायद्यात लिहा.

चिंचपोकळीचा_चिंटू

सगळ्यांना नमस्कार, नवीन आहे इथे. माझी बहीण जेजेमधून शिल्पकला शिकलीय, गणपतीच्या कारखान्यात काम करते, मूर्तीचं फिनिशिंग तिचं एवढं सफाईदार आहे की लोक विचारतात मशीनने केलं का. मिरामारकरदादा, तुमच्याकडे त्या वर्कशॉपसारख्या ठिकाणी असं काम असतं का? की आधी इथेच परदेशी युनिटवर बघावं?

मिरामारकर

चिंटू, असतं. शिल्पकार, साचे करणारे, रंगवणारे. व्हिसाला वेळ लागेल, तोवर इथेच सुरुवात करू दे. तिला म्हणावं पूर्ण मूर्तीचे फोटो कमी आणि कामाच्या पायऱ्यांचे जास्त काढ, आर्मेचर (आतला सांगाडा), माती, साचा, फिनिशिंग, रंग, प्रत्येक टप्प्याचा. इथले लोक तेच बघतात.

गोंयचो_पाव

@चिंचपोकळीचा_चिंटू, डिसेंबरात एक परदेशी युनिट येतंय, आर्ट डिपार्टमेंटला फायबरचं काम येणारी माणसं हवीत. विपू (विचारपूस, म्हणजे इथला निरोप) केलीय, बहिणीला फोन करायला सांग.

चिंचपोकळीचा_चिंटू

केला! विपू बघितली, उद्या सकाळी कारखान्यात जायच्या आधी ती बोलते तुमच्याशी.